नामशेष नारू

कांहीं महिन्यांपूर्वीं वर्गांत एक जुना गद्य उतारा शिकवीत असतां त्यांत ‘नारू’ हा शब्द आला. समोर बसलेल्या पन्नास-साठ विद्यार्थ्यांपैकीं एकासही त्याचा अर्थ सांगतां येईना. एकीनें तें एखाद्या फळाचें नांव असावें असा तर्क केला. इतिहासाचा अभ्यास केलेला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, बलुतेदार ते कारू आणि अलुतेदार ते नारू.” त्याचें ज्ञान खरें होतें, पण उताऱ्यांतील शेतकरी नारूमुळें पेरणीस मुकला होता, आणि तें कांहीं अलुतेदारांचें कृत्य नव्हे. दुसरे दिवशीं आमच्या परिचयाच्या एका तरुण डॉक्टरांस आम्हीं सहज विचारलें. पाठ्यपुस्तकांत या रोगावर चार ओळी वाचल्याचें त्यांस स्मरलें. रोगी मात्र त्यांनीं पाहिला नव्हता, आणि त्यांच्या गुरुजनांपैकीं किती जणांनीं पाहिला असेल याचीही त्यांस शंकाच होती.

एखाद्या शब्दाचा अर्थ नव्या पिढीस ठाऊक नसला म्हणजे आम्हां शिक्षकांस सहसा खेद होतो. या शब्दाच्या बाबतींत मात्र खेद करावा कीं आनंद मानावा, हें आम्हांस कळेना. आमच्या आजीस हा शब्द कोशांत पाहावा लागला नाहीं. तिच्या डाव्या घोट्याच्या वर रुपयाएवढा, आंत दबलेला, चकचकीत कातडीचा एक वण होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यांत नारू निघाला आणि सबंध वैशाख अंथरुणावर गेला, असें ती सांगे. पुढें ती शहरांत आली, घरांत नळ आला. तरीही घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकें बांधल्यावांचून ती पाणी भरीत नसे. नळाच्या पाण्यास कसलें आलें आहे गाळणें, म्हणून आम्ही नातवंडें तिला हंसत असूं. त्या हंसण्याचें प्रायश्चित्त म्हणून आज हा लेख लिहीत आहों, असें म्हटलें तरी चालेल.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. नारू हा एक कृमि आहे. त्याची मादी दोन ते तीन फूट लांब वाढते, जाडी मात्र शेवयेएवढी. हा कृमि आपल्या आयुष्यांत दोन घरीं पाहुणचार घेतो. एक घर मनुष्याचें. दुसरें, सांचलेल्या गोड्या पाण्यांत राहणाऱ्या एक-दोन मिलिमीटर लांबीच्या एका कवचधारी जीवाचें. या जीवास एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसावरून शास्त्रज्ञांनीं त्यास ‘सायक्लॉप्स’ असें नांव दिलें. नारूच्या सूक्ष्म अळ्या पाण्यांत पडल्या म्हणजे सायक्लॉप्स त्या गिळतो. त्याच्या देहांत सुमारें दोन आठवडे वाढून त्या मनुष्यास बाधक होतात. असें पाणी कोणी प्यालें म्हणजे जठररसांत सायक्लॉप्स मरतो, पण अळ्या जिवंत राहतात. त्या आंतड्याची भिंत भेदून शरीरांत शिरतात. तेथें नर-मादीचा समागम होतो, नर मरून जातो, आणि मादी हळूहळू कातडीखालीं उतरूं लागते, ती बहुधा पायाकडे. या सर्व काळांत मनुष्यास कसलीच जाणीव नसते. सुमारें एक वर्ष लोटलें म्हणजे पायावर एक फोड येतो, आणि तेथें निखारा ठेवल्यासारखी आग होऊं लागते.

या कृमीचें खरें कपट त्या आगीत आहे. पाय भाजूं लागला म्हणजे मनुष्य तो थंड पाण्यांत बुडवितो. पाण्याचा स्पर्श होतांच फोड फुटतो, मादीचें टोंक बाहेर येतें आणि ती लक्षावधि अळ्यांचा पांढुरका स्राव पाण्यांत सोडते. त्या पाण्यांत सायक्लॉप्स असले म्हणजे चक्र पुन्हां सुरू झालें. ज्या विहिरीनें रोग दिला त्याच विहिरींत रोगी तो परत टाकून येतो, आणि पुढल्या वर्षीं तो शेजाऱ्याच्या पायांतून निघतो. खेड्यांतील लोक घाणेरडे, पाण्यांत पाय घालतात, असें म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षित पूर्वीं पुष्कळ होते. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, तो पाय त्या मनुष्यानें घातलेला नसतो; कृमीनें त्यास तो घालावयास लाविलेला असतो.

उपाय म्हणाल तर हजारों वर्षें एकच होता. बाहेर आलेलें टोंक एका काडीस गुंडाळून ती रोज थोडीथोडी फिरवावयाची, आणि कृमि दिवसास दोन-चार बोटें याप्रमाणें ओढून काढावयाचा. यांत कित्येक आठवडे जात. घाई झाली आणि तो आंत तुटला, तर पाय सुजून पू होई आणि एखाद्याचा गुडघा कायमचा आखडे. गांवोगांव या कामीं हात बसलेलीं माणसें असत. रोग सहसा प्राणघातक नव्हता. पण तो ऐन मशागतीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत घरांतील कर्त्या माणसास खाटेवर पाडी, आणि कधीं कधीं एकाच घरांतील दोघांतिघांस एकदम. एकदां होऊन गेला म्हणून पुन्हां होत नाहीं असेंही नाहीं. शरीर याच्याविरुद्ध कसलीच प्रतिकारशक्ति कमावीत नाहीं. त्यावर लस नाहीं. शरीरांतील कृमीस मारणारें खात्रीचें औषध आजही नाहीं.

या रोगाचें प्राचीनत्व मोठें आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें पंधराशें वर्षें लिहिलेल्या मिसर देशांतील एबर्स पपायरसांत कृमि गुंडाळून काढण्याचा जो उल्लेख आहे, तो नारूचाच असावा असें विद्वान् मानतात. याहून निश्चित पुरावा मँचेस्टर येथें १९७५ सालीं मिळाला: एका मिसरी मुलीची ममी उलगडून तपासतां तिच्या उदरभागांत चुनखडीसारखा कठीण झालेला नारू सांपडला. तांबड्या समुद्राच्या कांठच्या लोकांच्या पायांतून लहान सर्प निघतात, हें निडस येथील अगाथार्किडीस या ग्रीक लेखकाचें वृत्त प्लुटार्कनें जपून ठेविलें आहे. ग्रीक वैद्य गेलन यानें रोगास सर्पवाचक नांव दिलें. अरबी वैद्यकांत इब्न सीना याचें वर्णन ‘मदिनेची शीर’ या नांवानें करतो. मदिना शहराच्या बाजूस हा रोग फार. आमच्या आयुर्वेदांत भावप्रकाशादि ग्रंथांत तो ‘स्नायुक’ या नांवानें येतो.

या नांवांत एक मौज आहे. अरबी वैद्यास ती शीर वाटली, संस्कृत वैद्यास तो स्नायु वाटला. पायांतून निघणारी ती पांढरी दोरी हा एक स्वतंत्र जीव असून तो बाहेरून आला आहे, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहज ध्यानांत येण्यासारखी नव्हती. आपल्याच देहाचा कांहीं अंश सडून बाहेर पडत आहे असा भास होई. आमचा मराठी शब्दही त्याच भासाची साक्ष देतो. पाली भाषेंत ‘नहारु’ म्हणजे स्नायु. त्या शब्दाचें आमच्या नारूशीं असलेलें नातें कानास सहज कळतें. संस्कृत पंडितांनीं पोथींत जें लिहिलें तेंच शेतकऱ्यानें आपल्या बोलींत जपलें, आणि दोघेही सारखेच चुकले.

ही चूक दुरुस्त होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. नारू हा कृमि आहे एवढें तोंवर ठरलें होतें. लिनिअसनें १७५८ सालीं त्यास प्राणिवर्गांत बसविलेंही होतें. प्रश्न होता, तो शरीरांत शिरतो कोठून? पाण्यांत उतरणाऱ्याच्या कातडींतून, असें बहुतेकांचें मत होतें. मुंबईंतील शस्त्रवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनीं येथील तळ्यांतील सूक्ष्म कृमींचा कसून अभ्यास करून त्यांजवरच संशय घेतला होता. खरें उत्तर १८७० सालीं तुर्कस्तानांत अलेक्सेइ फेदचेन्को या सव्वीस वर्षांच्या रशियन निसर्गशास्त्रज्ञास सांपडलें. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट याच्या सूचनेवरून त्यानें नारूच्या अळ्या व सायक्लॉप्स एकत्र ठेवून पाहिले, आणि अळ्या सायक्लॉप्सच्या देहांत वाढत असलेल्या त्यास दिसल्या. पुढें तीनच वर्षांनीं आल्प्स पर्वतांतील हिमनदीवर त्या तरुणाचा अंत झाला.

मनुष्य तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर गिळतो, हें सिद्ध करण्याचें काम मात्र राहिलें होतें. १९०६ सालीं रॉबर्ट लायपर यानें जठरांतील अम्लासारखें पातळ अम्ल घेऊन त्यांत सायक्लॉप्स टाकले. सायक्लॉप्स मेले, आणि अळ्या अधिकच चपळ झाल्या. मग केळ्यांत घालून ते एका माकडास खाऊ घातले. कांहीं महिन्यांनीं त्या माकडाच्या देहांत नारू सांपडले. मनुष्याविषयींचा पुरावा आमच्या मुंबईंत मिळाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. हाफकिन यांनीं प्लेगच्या काळांत स्थापिलेल्या प्रयोगशाळेस त्या वेळीं बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणत; १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते. तेथील डॉ. तुर्खुड यांनीं १९१४ च्या सुमारास, स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांस बाधित सायक्लॉप्स पाजून, त्यांच्या अंगीं नारू उत्पन्न होतो हें दाखवून दिलें. त्यानंतर म्हैसूर संस्थानांत मूर्ति व स्वीट यांनीं पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडून रोग कमी करतां येतो असें १९३६ सालीं प्रसिद्ध केलें.

तेव्हां १९१४ पर्यंत सारें कळलें होतें. रोग कशानें होतो, तो कोठें राहतो, पाणी गाळलें कीं टळतो, आणि विहिरीच्या पायऱ्या बंद केल्या कीं त्याचें चक्र तुटतें, इतकें ज्ञान मनुष्याजवळ होतें. आणि तरीही भारत सरकारनें नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला तो १९८३-८४ सालीं. मधलीं सत्तर वर्षें कोठें गेलीं?

हा प्रश्न आम्हांस या सर्व इतिहासांत महत्त्वाचा वाटतो. प्लेग आला तेव्हां मुंबईचा व्यापार थांबला, पुण्याचीं घरें ओस पडलीं; म्हणून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, लस निघाली. देवी राजवाड्यांत शिरत आणि झोपडींतही शिरत. नारू मात्र नळावर पाणी भरणाऱ्याच्या घरीं कधीं येत नसे. मुंबईंत विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आलें. जसजसे नळ वाढले आणि विहिरी मागें पडल्या, तसतसा शहरी लोकांच्या दृष्टीनें हा रोग संपत गेला. उरला तो कोरडवाहू मुलखांतील खेड्यांत, जेथें उन्हाळ्यांत पाणी तळास जातें आणि त्या पाण्यापर्यंत पायऱ्यांनीं उतरून जावें लागतें. जेथें गांवच्या विहिरीवर जाण्यासही कित्येकांस बंदी होती, तेथें त्यांस डबक्यांतील पाण्यावर भागवावें लागे. रोग जीव घेत नव्हता, म्हणून मृत्यूच्या कोष्टकांत त्याची नोंद नसे. त्यावर विकतां येण्यासारखें औषध नव्हतें, म्हणून व्यापाऱ्यास त्यांत रस नव्हता. आणि जो पीडित तो दोन महिने खाटेवर पडून राहिला तरी कोणाचें कांहीं अडत नव्हतें. त्याचें स्वतःचें शेत तेवढें पडीक राहत असे.

येथें पायविहिरींविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. महाराष्ट्रांत व राजस्थान-गुजराथेंत ज्या बारवा आहेत, त्यांचें शिल्प पाहून आजचा प्रवासी थक्क होतो, आणि तें योग्यच आहे. आटत्या पाण्यापर्यंत स्त्रियांस घागर घेऊन सुखानें उतरतां यावें, वाटसरूस सांवली मिळावी, या दयाबुद्धीनेंच पुण्यवंतांनीं त्या बांधल्या. परंतु ज्या पायरीनें मनुष्याचा हात पाण्यापर्यंत पोहोंचला, तिनेंच त्याचा पायही पोहोंचविला. बांधणाऱ्याचें पुण्य त्यामुळें कमी होत नाहीं. चांगल्या हेतूनें केलेल्या कामासही कालांतरानें नव्या ज्ञानाचा डोळा लागतो, एवढेंच यावरून घ्यावयाचें.

संयुक्त राष्ट्रसंघानें १९८१ ते १९९० हें दशक पिण्याच्या पाण्याचें व स्वच्छतेचें म्हणून ठरविलें, तेव्हां नारूचें नशीब फिरलें. हा रोग केवळ पिण्याच्या पाण्यानेंच होतो. तेव्हां तो नाहींसा झाला म्हणजे पाणी सुधारलें याचें तें मापच झालें, असा विचार पुढें आला. १९८४ सालीं भारतांत सुमारें ४०,००० रोगी मोजले गेले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश हीं त्यांचीं मुख्य ठाणीं. मग गांवोगांव शोधपथकें फिरूं लागलीं. पायविहिरींस कठडे घालून त्यांवर रहाट बसविण्यांत आले, हातपंप खोदण्यांत आले, पाण्यांत सायक्लॉप्स मारणारें टेमेफॉस हें द्रव्य ठराविक प्रमाणांत टाकण्यांत आलें, आणि घरोघर गाळण्याचें कापड पोहोंचविण्यांत आलें. राजस्थानांतील बांसवाडा, डुंगरपूर, उदयपूर या भागांत तर हातपंप दुरुस्त करण्याचें काम खेड्यांतील स्त्रियांनीं शिकून घेतलें. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें जोधपूर जिल्ह्यांत आढळला. पुढें तीन वर्षांहून अधिक काळ पाळत ठेवून, एकही नवा रोगी नाहीं अशी खात्री झाल्यावर, फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें.

जगाची कथा याहूनही मोठी आहे. १९८६ सालीं आफ्रिका व आशिया मिळून वर्षास सुमारें ३५ लाख लोकांस हा रोग होत असे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं हें कार्य आपलेंसें केलें. सुदानांत यादवी युद्ध चाललें असतां १९९५ सालीं त्यांनीं दोन्ही पक्षांस कांहीं महिन्यांची युद्धबंदी मान्य करावयास लाविली, ती नारूच्या शोधपथकांस खेड्यांत जातां यावें म्हणून. २०२३ सालीं सबंध जगांत १४ व २०२४ सालीं १५ मनुष्यांस नारू झाल्याची नोंद आहे. लाखांवरून चौदा-पंधरांवर येणें जितकें कठीण, तितकेंच चौदा-पंधरांवरून शून्यावर जाणेंही कठीण ठरत आहे. कारण चाड देशांत २०१२ पासून हा कृमि कुत्र्यांच्या अंगींही मोठ्या प्रमाणांत आढळूं लागला, आणि कुत्र्यास पाण्यांत पाय घालूं नको असें कोण सांगणार?

वैद्यकाच्या पुस्तकांत रोगांचे ‘नेहमींचे’ व ‘विरळा’ असे भाग पाडलेले असतात. सामान्य वाचक ते रोगाचेच गुण समजतो, जणूं कांहीं रोग जन्मतःच विरळा आणि कांहीं जन्मतःच नेहमींचे. कांहींच्या बाबतींत तें खरें आहे. रक्त लवकर न थांबण्याचा हिमोफिलियासारखा विकार आनुवंशिक आहे, आणि तो विरळा असणें हें निसर्गाचें गणित आहे. पण नारूची विरळता निसर्गाची नाहीं. ती मनुष्यानें विहिरीविहिरीनें, फडक्याफडक्यानें मिळविलेली आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या डॉक्टरास जो रोग ओट्यावरून ओळखतां येई, तो आजच्या डॉक्टरानें पाहिलेलाही नसतो. यांत आजच्या डॉक्टरास उणेपणा नाहीं. उलट आज जे रोग आपण ‘नेहमींचे’ म्हणून सोडून देतों, ते नेहमींचे राहिले आहेत ते स्वभावानें कीं आपल्या उदासीनतेनें, हें एकदां तपासून पाहण्यास हरकत नाहीं.

आतां राहिलें आजीचें फडकें. पाणी गाळून प्यावें हा उपदेश आपल्याकडे नवा नाहीं; मनुस्मृतींत तो संन्याशाच्या धर्मांत सांगितला आहे, आणि जैनांनीं तर तो जीवदयेपोटीं नित्याचा आचार केला. सायक्लॉप्स इतका लहान नसतो कीं दुहेरी कापडांतून सुटावा. म्हणजे आजीचें गाळणें शास्त्रशुद्धच होतें. मग इतकीं शतकें गाळणें असूनही नारू गेला कां नाहीं? आजीच्याच आयुष्यांत याचें उत्तर आहे. घरांतील पाणी ती गाळीत असे. पण शेतावर भर उन्हांत तहान लागली कीं बारवेंत उतरून ओंजळीनें पाणी पीत असे. घरोघर गाळणीं असलीं तरी एका ओंजळीची वाट मोकळी राहत होती, आणि कृमीस तेवढी पुरे होती. ती वाट एकट्या आजीस बंद करतां येण्यासारखी नव्हती. ती सबंध गांवाची विहीर बदलूनच बंद झाली, आणि ती बदलण्यास सरकारास आजी वारल्यानंतरचा काळ लागला.

हें सारें आम्हीं पुढल्या तासास वर्गांत सांगितलें. मुलांनीं शांतपणें ऐकलें. शेवटीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, हा शब्द परीक्षेस येईल का?” आम्हीं सांगितलें कीं बहुधा येणार नाहीं, तरी अर्थ लिहून ठेवा. तिनें वहींत लिहिलें, आणि मग खालीं वाकून, कां कोण जाणे, आपल्या घोट्याकडे एकदां पाहिलें.